गप्प बसलात तर हो समजू

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबा,

बाबा, रविवारी तुम्ही नातीला "शाळेत काय विशेष?" म्हणून विचारलंत आणि तिने "ते निनावी आहे, आजोबा" असं सांगून फोन माझ्या हातात दिला, त्याचा हा खुलासा. पोरीने काही केलेलं नाही.

शाळेकडून चिठ्ठी आली होती. नववीच्या मुलांची पाहणी आहे. दारू, व्हेप, मनःस्वास्थ्य असे प्रश्न. नाव लिहायचं नाही, सक्ती नाही. हरकत असेल तर कळवा, गप्प बसलात तर हो समजू. हे म्हणाले, "आपलं लग्न असंच ठरलं होतं ना?" मी गप्प बसले. त्यांनी हो समजलं.

इथे 1978 पासून केंद्राचा कायदा आहे. शिक्षणखात्याच्या पैशाने होणाऱ्या पाहणीत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना सक्तीने विचारायचे नाहीत असे आठ विषय आहेत: राजकारण, धर्म, घरची मिळकत, मनाचे आजार, लैंगिक गोष्टी, बेकायदा वागणं, घरच्यांवरची टीका आणि वकील-डॉक्टरांशी असलेले खासगी संबंध. आई, यातले निदान पाच विषय आपली आत्या डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या बाईकडून खडकी मागे पडायच्या आत काढून घेते. कसली संमती नि कसली सही!

आमच्या राज्यात यावरून कोर्टबाजीही झाली. 1999 मध्ये रिजवुड गावात सातवी ते बारावीच्या मुलांपुढे 156 प्रश्न ठेवले, पालक भडकले. 2005 मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला, पण त्याआधीच, 2002 मध्ये, राज्याने कायदा करून टाकला होता: आधी पालकांची लेखी परवानगी, मग प्रश्न. पण परवानगीचे फॉर्म दप्तराच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली. सह्याच येईनात. म्हणून आता निनावी, ऐच्छिक पाहणीला हा गप्प बसण्याचा नियम.

प्रश्न आधी वाचून बघायचा हक्क मात्र पालकांना आहे. हे इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले, तपासनीस असल्यासारखे. तासाभराने आले ते चहासुद्धा न मागता बसून राहिले. म्हटलं, फार अचकटविचकट आहे का? म्हणाले, "नाही गं. शाळेच्या दिवसांत रात्री किती तास झोपतेस? रोजची कामं सुटावीत इतकं उदास वाटलं का? घरात मोठ्या माणसाशी मनातलं बोलता येतं का? असले प्रश्न. आपली काय लिहील, मला एकाचंही सांगता येईना."

रात्री जेवताना त्यांनी आडून आडून विचारलंच. पोरगी आमटी वाढून घेत म्हणाली, "निनावी म्हणजे तुमच्यापासूनही, बाबा."

आम्ही हरकत घेतली नाही. पाहणीच्या दिवशी घरी आली, दोन वाट्या पोहे खाल्ले आणि म्हणाली, "एकच प्रश्न अवघड होता." कोणता, ते सांगितलं नाही. मी चार दिवस झोपले नाही, पण माझी पाहणी कोण करतंय?

आई, तुला ती सांगेल. तू विचारलं नाहीस तरी सांगेल. मला कळव. म्हणजे, आधी तिला विचार आणि मग कळव.

तुमची लेक