चार टायर आणि एक लडाख

टायर गोटा झालाय, हे मालक सोडून सगळ्यांना कळतं. आमच्या नाशिकच्या बोलेरोबाबत ते आधी हवा भरणाऱ्या पोराला कळलं, मग सोसायटीच्या वॉचमनला आणि शेवटी मेव्हण्याला. त्याने टायरच्या खाचेत नख घातलं आणि डॉक्टरी आवाजात जाहीर केलं, "दाजी, टीडब्ल्यूआय लागला."

मला ती एखादी सरकारी योजना वाटली. प्रत्यक्षात खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की खाच उरते जेमतेम १.६ मिलिमीटर. मग पावसाचं पाणी खाचेतून धड बाहेर पडत नाही आणि जुलैत ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबायची, ते कसारा घाट ठरवतो. त्यात एका टायरच्या कडेला फुगाही आला होता.

टायरच्या कडेवर त्याची जन्मवेळ चार आकड्यांत छापलेली असते. आमच्या टायरांवर ‘३४१६’ होतं, म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. पण कहर केला स्टेपनीने. मागच्या दारावर कव्हर पांघरून बसलेल्या या बाईने जन्मात रस्ता पाहिला नव्हता. अंगावरचे रबराचे केससुद्धा शाबूत होते. आकडा मात्र ‘२२११’. रबर न झिजताही म्हातारं होतं, कडक पडतं, तडकतं. घरी बसून राहिलं की तब्येत टिकते, हा माझा लाडका सिद्धांत तिथेच पंक्चर झाला.

मग घरात टायर निवड समिती बसली. सासरे म्हणाले, "सचिनच्या बॅटवर लिहिलेलं असायचं तेच घ्या." एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली, ही माहिती मी पुरवली, पण फुग्याचा विषय घरात नाजूक असल्याने कोणी दाद दिली नाही. शेजारचे काका म्हणाले, "रिमोल्ड टाका हो. नाहीतरी गाडी विकायचीच आहे ना?" गाडी विकायची आहे, हे मला तेव्हाच कळलं. कोणीतरी नायट्रोजन भरायला सांगितलं. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजायची माझी तयारी नव्हती.

मेव्हण्याचं मत ठाम होतं: एटी, म्हणजे ऑल टेरेन. एचटी हायवेसाठी, एमटी चिखलासाठी आणि एटी दोन्हीकडे चालणारा. आमच्या घरापासून चौकापर्यंत हे तिन्ही प्रकार शंभर मीटरमध्ये लागतात, त्यामुळे मुद्दा बिनतोड वाटला. शिवाय २१५ ऐवजी २३५ रुंदीचे घ्यावेत, गाडीला ‘लूक’ येतो, असं त्याचं म्हणणं. मी हिशोब मांडला. २३५/७५ आर १५ हा टायर उंचीला चार टक्क्यांनी मोठा. मीटरवर ऐंशी दिसेल तेव्हा गाडी त्र्याऐंशीने पळत असेल. "बघा दाजी," तो म्हणाला, "तीन किलोमीटर फुकट!"

दुकानदाराने आधी जुन्या टायरवरचं ‘१००एस’ वाचलं. याचा अर्थ एका टायरला ८०० किलोचा भार आणि ताशी १८० किलोमीटरचा वेग झेपतो. पहिला आकडा सासुरवाडी लग्नाला निघाली की उपयोगी पडतो. दुसरा आमच्या गाडीने उतारावरसुद्धा पाहिलेला नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी जाते कुठे?"

"लडाख," मेव्हणा म्हणाला.

"भाजी मंडई," बायको म्हणाली. "क्लास, दवाखाना, आणि सणावाराला गाव. लडाखला गाडी काय, हासुद्धा गेलेला नाही." भाऊ गप्प झाला.

खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात खारदुंगलाच्या वाटेला लागलो होतो. माणूस टायर घेतो तो रस्ता बघून नाही, स्वतःबद्दलचा समज बघून. एटीच्या ठसठशीत बटणांवर हात फिरवताना आपण भाजीची पिशवी धरणारे गृहस्थ आहोत, हे विसरायला होतं. पण एटी डांबरी रस्त्यावर आवाज करतो आणि डिझेलही थोडं जास्त पितो. आणि तो समज मिरवायला भाजी मंडईचा रस्ता काही पुरेसा लांब नाही. मी मूळ मापाचे एचटी सांगितले. पाच. स्टेपनीलाही न्याय मिळाला.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग होऊन गाडी बाहेर पडली. ती इतकी शांत पळू लागली, की टायरच्या घरघरीखाली इतकी वर्षं दबलेला दाराचा खडखडाट, डॅशबोर्डची कुरकुर आणि मेव्हण्याची मतं एकदम स्पष्ट ऐकू यायला लागली.

तो मागे बसून कागद चाळत होता. "दाजी, टायरला पाच वर्षांची वॉरंटी आहे. आणि गाडीची आरसी संपतेय पुढच्या वर्षी." थोडा वेळ त्याने मनात हिशोब केला. "म्हणजे टायर वाया जाऊ द्यायचे नसतील, तर आता त्यांच्या मापाची नवी गाडी बघायला लागणार."

या वेळी बायकोने त्याला गप्प केलं नाही. उलट मागे वळून विचारलं, "कुठली रे?"