ऑर्डर सत्य, बाकी माया

आबा १९७१ ची लढाई लढले हे आबांना ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, थंडी पडली की कुरकुरणाऱ्या त्यांच्या डाव्या गुडघ्याला तर तोंडपाठ आहे. ठाऊक नाही ते फक्त त्यांच्या डिस्चार्ज बुकाला.

डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेनं निरोप देताना जवानाच्या हातात ठेवलेली वही. नाव, नंबर, उंची, छाती, अंगावरच्या खुणा, वर्तणूक, पदकं. आबांच्या पदकांच्या रकान्यात दोन नोंदी आहेत. एक संग्राम मेडल. दुसरं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल, जे १५ ऑगस्ट १९७२ रोजी फौजेत असलेल्या सगळ्यांना मिळालं. त्या दिवशी आबा फौजेत होते, याची नोंद स्वच्छ अक्षरात आहे. पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्यांना मिळालेला पूर्वी स्टार मात्र गायब. म्हणजे आबा पगारपत्रकावर होते याला पुरावा आहे. लढाईत होते याला नाही.

आता आबा होते कुठं? पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला. ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या या गावाची डिसेंबर १९७१ मध्ये पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीनं, म्हणजे जंगी पलटणीनं, मागून वाट अडवली होती. आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कमांडरला चिठ्ठी धाडली, शरण या. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदचं उत्तर आलं. कागद, आणि त्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. हा किस्सा युद्धाच्या पुस्तकांत आहे. आबा त्या पलटणीचे नव्हेत, तिला जोडून दिलेले. फौजेच्या भाषेत ‘अटॅच’. घोटाळा त्या एका शब्दात आहे.

फौजेत जवानाच्या आयुष्यात काही घडलं की त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. लग्न झालं, ऑर्डर. पोरगं झालं, ऑर्डर. बढती, कोर्स, बदली, पदक, प्रत्येकाची ऑर्डर. ती रेकॉर्ड ऑफिसला पोचते आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवानोंदीच्या कागदावर, चढते. ज्याची ऑर्डर निघाली नाही, ते घडलंच नाही. ऑर्डर सत्य, बाकी माया. एवढं रोकडं तत्त्वज्ञान आपल्या साधुसंतांनासुद्धा साधलं नाही.

अटॅच जवानाचं काय होतं? जिच्याबरोबर तो लढला त्या पलटणीला वाटतं, नाव याची मूळ युनिट पाठवील. मूळ युनिटला वाटतं, लढाईत हा त्यांच्याकडं होता, तेच पाठवतील. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण कुणा अटॅच जवानानंच पाडली असावी.

मग त्याच वेळी का नाही बोललात, असं मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, ‘‘आरं, घरी जायच्या दिवशी कारकून म्हणतो, हितं सही कर, तितं सही कर. म्या वाचलं, बरोबर हाय, अशी सही. गाडीची येळ झालेली. घराकडं तोंड असल्यावर कोन वाचत बसतंय?’’ सतरा वर्षांच्या नोकरीचा हिशेब दहा मिनिटांत झाला. एवढ्या वेळात आपण किराणामालाची यादीसुद्धा तपासत नाही.

पदक गळणं हा त्यातल्या त्यात सरळ आजार. बाकीच्या चुकांना तर आपल्या मराठी मातीचा खास वास आहे.

पहिली चूक ‘ज्ञ’ची. ज्ञानदेव नावाचा पोरगा भरतीला उभा राहतो. हिंदी मुलखातल्या कारकुनाच्या कानाला तो ग्यानदेव ऐकू येतो, म्हणून इंग्रजीत त्याची सुरुवात जी-वायनं होते. शाळेच्या दाखल्यावर तो डी-एन-वाय. आधार कार्डावर मधला वाय गळतो. एकाच माणसाचे तीन अवतार, आणि तिघांची पेन्शन एक. मग प्रतिज्ञापत्र करायचं की हे तिन्ही इसम एकच आहेत. ज्ञानदेवानं भिंत चालवली, त्याला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नव्हतं.

दुसरी चूक १ जूनची. पूर्वीच्या गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलं. आई सांगणार, ‘‘बेंदराच्या आधल्या रोजी झाला, आभाळ नुस्तं गळत हुतं.’’ गुरुजी लिहिणार, १ जून. पोरगं भरती होतं, तारीख फौजेत जाते, आणि पुढं कधी ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात खरी नोंद सापडली तर ती खोटी ठरते. आभाळ गळत होतं याची ऑर्डर निघालेली नसते.

तिसरी चूक लक्ष्मीची. माहेरची चंद्रभागा सासरी आली की तांदळात नाव लिहून लक्ष्मी होते. घरातल्यांनी पेढे खाल्ले, कागदाला कुणी सांगितलं नाही. फौजेच्या नोंदीत चंद्रभागा, रेशनकार्डावर लक्ष्मी. नवरा असेपर्यंत दोघी गुण्यागोविंदानं नांदतात. तो गेला की खिडकीतला साहेब विचारतो, जवानाची बायको कोणती, चंद्रभागा की लक्ष्मी? कपाळ पुसून आलेल्या बाईनं आता सवतीचा खुलासा करायचा, आणि सवत तीच.

यातली चौथी चूक सगळ्यात गोड. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईला ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर दुप्पट. सरकारचं काळीज मोठं आहे, फक्त तारीख हवी. आणि जुन्या कागदात बायकोची जन्मतारीख कित्येकदा लिहिलेलीच नाही. तारीख नाही म्हणजे ऐंशी नाही. नातवाचं लग्न झालं, पणतू शाळेत गेला, तरी कागदावर म्हातारी कायमची एकोणऐंशीची. असं तारुण्य कोणत्याही मलमानं येत नाही.

आबांना वाटायचं, आपण साधा नाईक, म्हणून हे भोग. मी त्यांना जनरल व्ही. के. सिंग यांची गोष्ट सांगितली. भारताचे तेव्हाचे लष्करप्रमुख. शाळेच्या प्रमाणपत्रात जन्म १० मे १९५१, पोरवयात भरलेल्या एनडीएच्या अर्जात १९५०. लष्करातल्याच एका शाखेच्या दप्तरात एक साल, दुसऱ्या शाखेच्या दप्तरात दुसरं. दोन्ही शाखा शेवटी त्यांच्याच हाताखालच्या! दहा-बारा लाखांची फौज ज्यांच्या शब्दावर हलते, त्यांच्या शब्दावर एक आकडा हलेना. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी २०१२ रोजी याचिका मागं घेतली आणि ३१ मे २०१२ ला कागद म्हणाला त्या वयात निवृत्त झाले. आबांनी ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘मंजी सायबाचाबी अर्ज आमच्यासंगंच लायनीत.’’ त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं.

कागदानं मारलेली माणसंही आहेत. कारगिलच्या वेळी टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादव यांनी पराक्रमाची शर्थ केली. वय १९. त्यांना परमवीर चक्र जाहीर झालं, मरणोत्तर. यादव तेव्हा रुग्णालयात जखमा बऱ्या करून घेत होते. पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान होता, शहीद तो झाला होता. शत्रूच्या इतक्या गोळ्या खाऊन जो मेला नाही, त्याला एका ओळीनं मारलं. बरं, ही चूक लगेच सुधारली, कारण परमवीर चक्राकडं सगळ्या देशाचं लक्ष असतं. पूर्वी स्टारकडं आबा सोडून कुणाचं आहे?

परदेशात काय सगळं आलबेल आहे? नाही. अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या सैनिकी दप्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. दुसरी प्रत नव्हती. पण त्या लोकांची एक गोष्ट मला आवडली. त्यांच्याकडं फौज सोडताना मिळणाऱ्या कागदाचा नंबर डीडी २१४. आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कागदाचा नंबर डीडी २१५. म्हणजे कारकून माणूस आहे, चुकणारच, हे धरून पुढचाच नंबर राखून ठेवलाय. आपल्याकडं चूक जवानाची असते, ती सापडेपर्यंत फक्त कारकुनाच्या अक्षरात असते.

आणि आपण आगीची वाट बघत नाही. पेन्शन न घेता फौज सोडलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नियमानं नष्ट होतात. मागं उरतो लाँग रोल, त्यात नंबर, नाव आणि चार ओळी. एखाद्या म्हाताऱ्यानं पन्नास वर्षांनी विचारलं की उत्तर तयार, मुदत संपल्यामुळं कागदपत्रं उपलब्ध नाहीत, तरी आपण पुरावा सादर करावा. नोंद त्यांनी करायची, चूक त्यांनी करायची, कागद त्यांनी फाडायचा आणि पुरावा म्हाताऱ्यानं आणायचा. आबांनी सुलतान अहमदची ती चिठ्ठी तरी जपून ठेवायला हवी होती.

आता पेन्शनीचा कारभार ‘स्पर्श’ नावाच्या संगणकी प्रणालीत गेलाय. जुने कागद तिकडं गेले, तशा जुन्या चुकाही बिऱ्हाडासकट गेल्या. पूर्वी चूक पिवळ्या कागदावर होती, आता पडद्यावर चकाकते.

थट्टा पुरे. कामाचं चार ओळींत सांगतो, कारण सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत हा अंक वाचणारा एखादा तरी माजी सैनिक असणार. आधी आपलं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधी बघा, तुमची मेडलं नंतर. शीट रोलची प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला पाठवा, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स काढा. नाव दुरुस्त झालं की पार्ट टू ऑर्डर निघाली का ते विचारा, आणि पीपीओचं करिजेंडम, म्हणजे दुरुस्तीपत्र, हातात पडेपर्यंत गप्प बसू नका. सगळी दारं बंद झाली तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. आणि हे सगळं तुम्ही जिवंत असताना करा. मागं राहिलेल्या लक्ष्मीला हे कागद पलटणीच्या भाषेत वाचता येत नाहीत.

आबांच्या नातवानं मध्यंतरी सोपा मार्ग काढला. मेडलं बाजारात मिळतात. रिबन, पॉलिश, सगळं चोख. पोरानं पूर्वी स्टार आणला आणि आजोबांसमोर धरला. आबांनी चष्मा लावला, स्टार उलटा केला, मग बोटानं कड चाचपली. खऱ्या मेडलवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. याच्यावर काही नव्हतं. ‘‘ह्ये कुनाचं बी हाय,’’ म्हणाले आणि पोराच्या हातात परत दिलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या अर्जाला उत्तर आलं. दोन ओळी: आपल्या अर्जातील मागणी विचाराधीन आहे. खाली सही, वर आबांचं नाव, आणि त्या नावात आजवर कुठंच नसलेली एक नवीच चूक. मी भडकलो. आबा मात्र तो कागद उजेडात धरून हसत होते. मग त्यांनी तो हयातीच्या दाखल्याच्या पिशवीत नीट सरकवला.

‘‘चूक नवी हाय,’’ म्हणाले. ‘‘मंजी कुनीतरी फाइल उघडून नव्यानं टाइप केलंय.’’