यंत्र चौघांचं, बिल कोणाचं?

सरकारकडे पैसे मागायचे तर आधी आपल्याकडे ते नाहीत हे सिद्ध करावं लागतं. मग लगेच पुढच्या पानावर, ते मिळालेच तर आपण किती समर्थपणे सांभाळू हेही सिद्ध करावं लागतं. एकाच दमात दीनवाणं आणि कर्तबगार दिसणं सोपं नाही. आमच्या नागपूरच्या इतवारीत उधारी मागणाऱ्याला निदान यातलं एकच काहीतरी दाखवून भागतं.

माझा भाचा एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. डेटा सायन्सच्या संशोधनाला लागणारे दमदार सर्व्हर एकेकट्या कॉलेजला झेपत नाहीत, म्हणून चार कॉलेजांनी मिळून एकच यंत्रणा उभारायची आणि सगळ्यांनी वापरायची, असा त्याचा बेत. त्यासाठी अनुदानाचा अर्ज. घरात मराठीचा निवृत्त मास्तर असताना भाषा बाहेर कशाला तपासायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अर्ज इंग्रजीत होता, ही बाब त्याने गौण मानली.

बेत वेडगळ मुळीच नव्हता. डेटाच्या बाबतीत नागपूर खानदानी गाव आहे. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था वर्धा रोडवर, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय अमरावती रोडवर, उपग्रहाची चित्रं वाचणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात. आणि ‘नीरी’ तर १९५८ पासून आमच्या हवेपाण्याची नाडी बघते आहे. गुलाबी बोंडअळी कुठल्या तालुक्यात कधी उतरेल हे सांगायचं तर माती, पाऊस, आकाशातलं चित्र आणि शेतातली नोंद एका टेबलावर यावी लागते. टेबल मोठं लागतं, एवढंच.

शिवाय वाटून वापरण्याचे दाखले महाराष्ट्रात भरपूर. प्रत्येक विद्यापीठाला स्वतःचं खगोलशास्त्र परवडणार नाही म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सगळ्यांसाठी ‘आयुका’ निघाली. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांच्यावर वेळ मिळावा म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ अर्ज करतात. भाच्याने हे सगळं लिहिलं आणि वर विजय भटकरांनाही आणलं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे भटकर शिकले आमच्या व्हीआरसीईत, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीत, आणि १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. मी म्हटलं, अरे, यांचा तुझ्या सर्व्हरशी काय संबंध? तर म्हणाला, “मामा, दिल्लीत नागपूर म्हटलं की संत्रंच आठवते. दुसरं काही आठवलं पाहिजे ना.”

अर्जाची खरी तपासणी मात्र खालच्या किराणा दुकानवाल्या काकांनी केली. दुकान वाढवलं की ते गल्ल्याचा हिशेब घेऊन वर येतात. त्या दिवशी त्यांना आमच्या टेबलावर आपल्याहून मोठे आकडे दिसले.

“हे कॉम्प्युटर भाड्यानं नाही भेटत का?”

भेटतात, भाच्याने सांगितलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने ‘इंडिया एआय’साठी १०,३७२ कोटी मंजूर केले, त्यातून जीपीयू चिपा सवलतीच्या दराने तासावर मिळतात.

“मग विकत कायले?”

भाच्याने दोन कारणं सांगितली. पोरांना रोज हात मारायला काहीतरी जवळचं लागतं. आणि दवाखान्यातल्या नोंदी अशा बाहेर पाठवता येत नाहीत. तिसरं कारण त्याने हळू आवाजात सांगितलं: भाड्यानं घ्यायलाही अर्ज करावाच लागतो.

“बरं. लाइट किती खाते?”

यावर भाचा खुलला. आठ मोठ्या चिपांची एक पेटी पूर्ण जोरात चालली तर साधारण १० किलोवॅट. काकांनी कागद न घेता सांगितलं, “दिवसाचे २४० युनिट. आन् मे महिन्यात?” मे महिन्यात नागपूर ४५ अंशांपर्यंत जातं. सर्व्हरला कूलर चालत नाही, दमट हवा सोसत नाही. वाळ्याच्या ताट्या लावून भागणारं हे गिऱ्हाईक नव्हे. एसीचे युनिट वेगळे. हे सगळं अर्जात कुठे जातं? जातं, ‘आवर्ती खर्च’ या रकान्यात. तो रकाना अर्जातला सगळ्यांत बारका होता.

मग काकांनी एकामागून एक विचारलं. किल्ली कोणाजवळ? परीक्षेच्या आधी चौघांनाही एकदमच लागलं तर? एकानं जास्त वापरलं तर त्याले बोलन कोण? भाचा मला हळूच पानं दाखवत होता. हेच प्रश्न अर्जात ‘प्रशासकीय रचना’, ‘प्रवेश धोरण’ आणि ‘दीर्घकालीन शाश्वतता’ अशा भारदस्त नावांनी बसले होते. खरं सांगायचं तर यंत्र आपल्याच आवारात यावं आणि मीटर दुसऱ्याच्या नावाने असावं, यावर चारही कॉलेजांचं एकमत झालेलं होतं.

काकांना सामायिक गोष्टींवर बोलण्याचा अधिकार आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. सख्ख्या भावासोबतच्या गोदामात त्यांनी मधोमध भिंत घातली आहे. पण ते म्हणाले ते मात्र कोणत्याही समितीने म्हणावं असं होतं.

“भंडारा रोडवर धरमकाटा आहे ना. काटा एकाचा, भरवसा साऱ्या बाजाराचा. कायनं चालते? रात्री दोन वाजता ट्रक आला तरी तिथं एक माणूस जागा राहते म्हणून. तुमच्या कागदात मशीन दिसून राहिली, एसी दिसून राहिला. तो माणूस कुठं आहे?”

माणूस होता. कंत्राटी, तीन वर्षांसाठी. त्यानंतर ‘संस्था सोय करील’ असं लिहिलेलं होतं. संस्था म्हणजे कोण, हे चार कॉलेजांत कोणालाच विचारायचं नव्हतं. यंत्राला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं. ते रात्री बंद पडल्यावर उठून येणाऱ्या माणसाची फीत कोण कापणार? भाच्याने तो परिच्छेद पुन्हा लिहिला. चार कॉलेजांनी दरसाल किती भरायचे ते आकड्यात घातलं, त्यातून त्या माणसाचा पगार काढला आणि प्राचार्यांच्या सह्यांसाठी आठवडाभर इकडून तिकडे गाडी फिरवली. प्रचंड डेटा साठवण्याची जागा मागणारा हा अर्ज दोन एमबीच्या आतच चढवायचा होता, त्यात एक रात्र गेली.

शेवटी ‘उद्योगक्षेत्रातील भागीदार’ हा रकाना रिकामा राहिला. लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र हवं होतं. काकांनी एकच अट घातली: मशीन मोकळी असेल तेव्हा तुरीच्या डाळीचा भाव कुठं चालला ते सांगायचं. भाच्याने कबूल केलं. मी पत्र लिहून दिलं, काकांनी इंग्रजीत सही ठोकली, आणि ते दिल्लीला रवाना झालं. वर गणपती, मधोमध संशोधनाला हार्दिक पाठिंबा, आणि खाली लाल शाईत छापलेलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. भूलचूक देणे घेणे.