चौथा घात

आकाशदर्शनाच्या प्रत्येक सहलीत एक काका असतातच. कर्जत लोकलमधून वांगणीला उतरणाऱ्या घोळक्यात ते चटकन ओळखू येतात. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दुर्बीण, आणि टॉर्चच्या काचेवर रबरबँडनं बसवलेला लाल जिलेटीनचा कागद. अंधारात कुणी मोबाइल उघडला, की "उजेड! उजेड!" म्हणून असे ओरडतात, की आसपासच्या वाडीतली कुत्री जागी व्हावीत.

लोक आलेले असतात शनीची कडी बघायला. काका शनीला मोजत नाहीत. "उसन्या उजेडावर जगणारा तो. त्याचं काय बघायचं?" त्यांना मृग हवा. हिरव्या लेसरचा झोत तांबूस काक्षीवरून निळसर राजन्यावर गेला, की त्यांना कंठ फुटतो.

"ताऱ्याचं तेज ठरतं दोन गोष्टींवर, आकार आणि तापमान. त्रिज्या दुप्पट केलीत, तेज चौपट. आता तापमान दुप्पट करा. किती?" सतरंज्यांवर सामसूम. "सोळापट! चौथा घात! स्टेफाननं १८७९ साली प्रयोगांच्या आकड्यांवरून ताडलं, बोल्ट्झमननं १८८४ साली सिद्ध करून दिलं." ऐकणाऱ्याला वाटावं, दोघंही काकांच्याच ब्रँचला होते.

मग हिशेब. काक्षीचं पृष्ठतापमान साडेतीन हजार केल्विनच्या आसपास, सूर्याचं ५,७७२. म्हणजे तिथल्या एका चौरस मीटरमधून सूर्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकीच ऊर्जा बाहेर पडते. पण देह केवढा! सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर मंगळाची कक्षासुद्धा पोटात जाईल. म्हणून गार असूनही तेज सूर्याच्या हजारो पट. राजन्य अंगानं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण १२,००० केल्विनच्या जोरावर तोडीस तोड तळपतो. उलट व्याधाचा जोडीदार, तो श्वेत बटू. तापमान तब्बल २५,००० केल्विन, अंगकाठी पृथ्वीएवढी, तेज सूर्याच्या जेमतेम दोन-तीन टक्के. "नुसताच तापट, अंगात काही नाही," असं म्हणून काका माकडटोपीची गुंडी लावतात. काकू पुरी-भाजीचा डबा उघडता उघडता हसू दाबतात.

इथवर सगळं सुरळीत. मग कुणीतरी पोरगं विचारतंच, "काका, पण सगळ्यांत तेजस्वी तर व्याधच दिसतोय!"

लेसर थरथरतो.

"दिसणारच! वशिला आहे ना! ८.६ प्रकाशवर्षांवर बिऱ्हाड. खरं तेज सूर्याच्या पंचवीसपट, बस्स. राजन्यापुढे काडेपेटीतली काडी. पण राजन्य बिचारा आठशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब पडला. अंतर दुप्पट, की प्रकाश पाव. कामाला कोण विचारतो?"

बँकेत ताळेबंदाची पै न् पै जुळवणाऱ्या काकांना डावलून बढती गेली, ती मॅनेजरच्या केबिनला टेबल चिकटवून बसलेल्या सहकाऱ्याला. हे काकूंकडून कळतं, तेही हळू आवाजात. काकांना या शास्त्राचा लळा लागला, तो माझ्या मते निरपेक्ष प्रतीमुळे. सगळ्या ताऱ्यांना ३२.६ प्रकाशवर्षांवर एका ओळीत उभं करायचं आणि मग कोण किती तेजस्वी ते बघायचं. जवळचा नाही, लांबचा नाही. इतकं नेक खातं त्यांना उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं.

या कायद्यातून ते कुणालाच सोडत नाहीत. पहाटे तांबडं फुटतं, मंडळी उगवतीकडे हात जोडतात, तेव्हा काका दुर्बीण पुसत पाठमोरे असतात. "हा तर सगळ्यांत मोठा वशिल्याचा. सव्वाआठ मिनिटांच्या प्रकाशाच्या अंतरावर बसून तेजाच्या गप्पा! त्याला एकदा ओळीत, ३२.६ प्रकाशवर्षांवर बसवा. मुंबईच्या आकाशात शोधूनही सापडायचा नाही."

काकू दवानं ओल्याचिंब झालेल्या सतरंज्या कुंपणावर पसरत असतात.

"बसवा हो," त्या म्हणतात, "पण आधी या वाळू देत."