डिकीत जागा आहे का?

नाट्याच्या स्टॉपवर मुंबईची गाडी थांबून काच खाली झाली, की तात्या खिडकीशी हजर. बिचाऱ्या पाहुण्याला फक्त यशवंतगड कुठे एवढंच विचारायचं असतं. तात्या आधी डिकीकडे बघतात.

"यशवंतगड? हा काय, खाडीवर. नशीब इथे विचारलंत. एक जण फोनचं ऐकून निघाला तो थेट रेडीच्या यशवंतगडावर. पार सिंधुदुर्गाच्या टोकाला! पण गड आता नको हो. जांभा तापलाय. गड चार वाजता. आता आडिवऱ्याला जा, महाकालीचं दर्शन घ्या. कुलस्वामिनी कोण तुमची? असूं दे, तीही हिचीच बहीण. आणि येताना तिथल्या दुकानात माझी एक पिशवी आहे, तेवढी घ्या."

तात्यांच्या शिफारशींना अंतराचा हिशोब नसतो, निकडीचा असतो. गुडघा दुखू लागला की राजापूर प्रेक्षणीय होतं. "उन्हाळ्याचे गरम पाण्याचे झरे बघा. गंगा आलीय का तेही बघा. नसली तरी चौदा कुंडं कुठे जात नाहीत. धूतपापेश्वर करा, आणि बाजारातनं या गोळ्या." घरामागचा फणस पिकला की कशेळीचा कनकादित्य चुकवून चालत नाही. "सूर्याची देवळं अशी किती राहिलीत? शिलाहारांचा ताम्रपट आहे तिथे, चेष्टा नाय!" तात्यांची बहीण कशेळीत दिलेली आहे, हे पाहुण्यांना फणस डिकीत चढल्यावर कळतं.

खाडीवर कधी जावं म्हणून विचारलं, तर तात्या उलट विचारतात, "आज तिथी काय?" गाडीतले सगळे एकमेकांकडे बघतात. "तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती भरणार, नऊला सुकती." इथवर हिशोब चोख. पुढचं गणित मात्र खास तात्यांचं. "म्हणजे सकाळी साखरीनाट्याला बंदरावर जायला हरकत नाय. सुरमई बघा. घेतलीत, तर आमच्यासाठी चार बांगडे." जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. तात्यांचा धंदाही तेव्हा शाकारलेला असतो.

एकदा मी म्हटलंच, "तात्या, लोक फिरायला येतात. तुम्ही त्यांना हमाल करता."

"अरे, नुसता फिरायला आलेला काय करतो? आंबोळगडला पाय भिजवतो, मुसाकाजीला फोटो काढतो नि जातो. फणस घेऊन गेलेल्याला माझी बहीण जेवल्याशिवाय सोडत नाय. कुठच्या हाटेलात आहे ही सोय?"

यावर उत्तर नव्हतं. फणस आमच्या डिकीतूनही दोनदा गेलेला आहे आणि आम्ही दोन्हीदा जेवलोय.

या मे महिन्यात डोंबिवलीची एक गाडी थांबली. बाई उतरल्या. गडाचं नावही न काढता त्यांनी पिशवीतून एक धुतलेली बरणी काढली.

"गेल्या वर्षी तुमच्या ताईंनी लोणचं दिलं होतं. बरणी परत करायला कशेळीलाच निघालोय. तुमचं काही न्यायचंय का?"

तात्या गडबडले. यंदा फणस माकडांनी नेलेला, गोळ्या कालच आलेल्या, पिशवी कुठलीच अडकलेली नाही. चाळीस वर्षांत असा रिकामा दिवस आला नसेल. त्यांनी सवयीने डिकीकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे.

"आहे ना," ते म्हणाले आणि चपला झटकून आत बसले. "या खेपेला मीच आहे."

गाडी वळता वळता मागच्या सीटवरच्या पोराने विचारलं, "आणि किल्ला?"

"चार वाजता," तात्या म्हणाले.