बचतीचा हत्ती

आमच्या दाजींनी गेल्या वर्षभरात जेवढे पैसे वाचवले, तेवढे त्यांच्याजवळ कधी नव्हतेच. आणि हे सगळे त्यांनी एकाच गाडीवर वाचवले.

गाडी म्हणजे छोटा हत्ती. टाटांनी 2005 साली ती ‘एस’ या नावाने बाजारात आणली. आमच्या सेनगावात ते नाव फक्त आरसी बुकात वाचायला मिळतं. दाजींची शेती चार एकर, त्यात हळद आणि सोयाबीन. हळद काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा आणि मग भाड्याच्या गाडीत घालून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात न्या. हंगामात तिथं गाड्यांची रांग लागते आणि गाडी जागची हलली नाही तरी भाडं मात्र पुढे सरकत राहतं. दाजींना हेच सहन होईना. घरची गाडी पाहिजे. नवी झेपणारी नव्हती. चालू हालतीतली जुनी अडीच लाखांच्या खाली मिळेना. आणि नांदेडच्या एका यार्डात एक लाख दहा हजारांची एक गाडी एका कुशीवर निजलेली होती.

विम्यात ‘टोटल लॉस’ नावाचा प्रकार असतो. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीच्या नादी लागत नाही. मालकाचे पैसे देऊन मोकळी होते आणि सांगाडा विकला जातो. म्हणजे हिशेब करणं हाच ज्यांचा धंदा, अशा माणसांनी पंख्याखाली बसून, शांत डोक्याने ठरवलेलं असतं की ही गाडी दुरुस्त करणं परवडत नाही. दाजींनी त्यातून एवढाच बोध घेतला की कंपनीचे मिस्त्री महाग असतात.

मी शाळेवर आहे. त्यामुळे नात्यातले सगळे मला सर म्हणतात आणि माझं कुणी ऐकत नाही. “सर, तोंड फुटलंय फकस्त. इंजिन शाबूत हाय. हिचं इंजिन शिटाखाली असतंय,” दाजी म्हणाले. हे खरं होतं. शिवाय सिलिंडर दोनच. इंडिकाचं चार सिलिंडरचं इंजिन निम्मं करून हे तयार केलं, असं सांगतात. “मग खर्चबी निम्माच की!” या गणिताला मी काय उत्तर देणार, वर्गात असतो तर एक तरी खडू फेकला असता. कमी पडलेले पैसे ताईच्या महिला बचत गटातून आले, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने.

कागदपत्रं मात्र मी हट्टाने तपासली. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं. तसं झालेलं असेल तर आपण घेतो ते निव्वळ भंगार. त्याला कितीही रंग फासा, रस्त्यावर आणता येत नाही. दाजींच्या हत्तीची नोंदणी जिवंत होती. नमुना 29, नमुना 30, आणि चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेली छाप. पेन्सिल माझी होती. त्या दिवशी दाजींच्या वहीत पहिली नोंद पडली : ‘पेन्सिल, वाचले रु. 5.’

मग हत्ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून अर्धापूर, वारंगा फाटा, कळमनुरी बघत बघत घरी आला. बाळंतिणीला बघायला यावं तसे लोक येऊ लागले. प्रत्येक जण चाकाला एक लाथ घालून निदान सांगे. कुणी म्हणे नोझल गेलं, कुणी म्हणे गॅस्केट. एका म्हाताऱ्याने नुसतंच आत वाकून बघितलं आणि “वाचला का डायव्हर?” असं विचारून चहाची वाट बघत बसला.

दाजींचा यंत्रांचा अनुभव म्हणजे फवारणीचा पंप. बाकीचं शिक्षण मोबाइलवर, कुणा सरदारजींच्या व्हिडिओतून. पान्याला ते चाबी म्हणतात म्हणून दाजीही म्हणू लागले. “बारा नंबरची चाबी आण” म्हटल्यावर भाचा घराच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावला आणि त्यातली बारावी मोजून काढू लागला.

पण खरं वाचण्यासारखं होतं ते दाजींच्या वहीत. तिला दोन रकाने : ‘लागले’ आणि ‘वाचले’. नवा रेडिएटर सहा हजारांचा. जुन्या बाजारात अडीच हजारांत मिळाला, वाचले साडेतीन हजार. तो गळला. दुसरा जुना अडतीसशेला आणला, वाचले बावीसशे. एकूण लागले सहा हजार तीनशे, वाचले पाच हजार सातशे. “आन् नवा घेतला असता तर?” दाजींनी मला विचारलं. “एक रुपाया वाचला नसता, सर!” मिस्त्रीची मजुरी रोज आठशे धरून तीही वाचलेल्यांत जमा होई. दाजी गाडीखाली असताना शेतात जो गडी लावावा लागे, त्याची मजुरी शेतीच्या वहीत जाई. ती वही वेगळी.

एकदाची गाडी सुरू झाली. पण चासी वाकलेली असल्याने मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जाईनात. तोंड जिंतूरकडे, चाल रिसोडकडे. समोरून येणारा मोटारसायकलवाला कुठल्या बाजूने जावं ते न कळून उतरूनच उभा राही. चासी सरळ करायला हत्ती पुन्हा नांदेडला गेला, अर्थात दुसऱ्या गाडीवर बसून. नोंद : ‘डिझेल वाचले.’ मी विचारी, “दाजी, किती राहिलं अजून?” “हत्ती गेला सर, शेपूट ऱ्हायलंय.” पुढच्या महिन्यात शेपटात क्लचप्लेट निघाली, त्याच्या पुढच्या महिन्यात कमानपाटे.

पासिंग झालं. नर्सी नामदेवला नारळ फुटला. हळदीच्या रांगेत तर आमचा हत्ती शोभून दिसला, कारण तिथं गाडीने चालावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. रांग सरकली की मागचेपुढचे चार जण धक्का देत. स्टार्टर कमी वापरला गेला, तेही वाचलं.

एवढं झाल्यावर बचत गटाची मासिक बैठक ताईच्या ओसरीवर भरली. दाजींचे तीन हप्ते थकले होते. दाजी वही घेऊन आले आणि उभे राहून त्यांनी ‘वाचले’चा अख्खा रकाना वाचून दाखवला. बेरीज एक लाख बेचाळीस हजार. बायका अवाक् झाल्या. गटाच्या अध्यक्ष असलेल्या आजी म्हणाल्या, “लई झाले की बाप्पा. कुठं ठिवलेत?”

“ते गाडीतच हायेत, मावशी.”

आजी उठल्या, अंगणात गेल्या, फाळका धरून हौद्यात डोकावल्या आणि परत येऊन बसल्या. “न्हाईत तिथं,” त्यांनी बैठकीला सांगितलं.

गटाच्या रजिस्टरात त्या दिवशीचा ठराव आहे : कर्जदाराने हप्ते रोखीने भरावेत, वाचलेली रक्कम जमेस धरली जाणार नाही. सूचक म्हणून ताईची सही, अनुमोदक आजींचा अंगठा. दाजींनी ठरावाची नक्कल मागितली. ताई झेरॉक्सला पोरगं पाठवत होती, पण दाजींनी तिला थांबवलं, मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि खिशातली वही काढून दोन रुपये लिहिले.