अर्ध्या तासाचं परदेशगमन

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागातल्या मारिगो धक्क्यावरून ब्रिटिश अँग्विला बेट समोर दिसतं. फेरीबोटीला अर्धा तास पुरतो; रांगा, शिक्के आणि कराची पावती यांचं वेळापत्रक निराळं. फ्रान्समधून ब्रिटनच्या अमलात शिरायचं, तेही दिवसभर समुद्रात डुंबायला, म्हणजे एवढा थाट हवाच! १९६९ साली ब्रिटनचे छत्रीधारी सैनिकसुद्धा अँग्विलात युद्धनौकांवरूनच आले होते (छत्र्या बहुधा उन्हासाठी असाव्यात). बंड मोडायचं होतं. बंडखोरांची मागणी काय, तर आम्हाला सेंट किट्स या दुसऱ्या बेटाच्या ताब्यात देऊ नका, ब्रिटनकडेच ठेवा. लढायला कुणी भेटेना. पाठोपाठ लंडनचे पोलीसही आले. त्यांना परतीचं तिकीट कुणी विचारलं नसावं.